मोहिद्दीनच्या कलमांचा माग

शौकतचं डोकं फिरलंय, असं त्याची बायकोसुद्धा म्हणायची. अमिरातीतल्या खोर फक्कानच्या बंदरात हा क्रेन चालवायचा, आणि सुट्टी लागली की एखाद्या म्हाताऱ्या अरबाला गाठून विचारायचा, "आमचा आजा मोहिद्दीन इथं आला होता का हो?"

आजा दाभोळहून गलबतात बसून गेला तो गेलाच. मैमुनाबी, म्हणजे शौकतची फुपी, त्याच्या बापाची बहीण, तेव्हा आईच्या पोटात होती. आजा मस्कतला उतरला, तिथून सोहारला गेला, एवढं शौकतनं खपून शोधून काढलं होतं. पुढं माग खुंटला. गावानं मात्र निकाल कधीच देऊन टाकलेला: त्यानं तिकडं दुसरा घरोबा केला! मैमुनाबीची जाऊ तर तिला तोंडावर 'बापानं टाकलेली' म्हणायची. बिचारीनं चौऱ्याहत्तर वर्षांची होईपर्यंत ते गिळलं.

अठ्ठ्याण्णव साली ती व्हिजिट व्हिसावर शौकतकडे आली, आणि आल्या आल्या तिनं त्याची झाडाझडती घेतली.

"विचारतोस कुणाला रे?"

"खलाशांना, तांडेलांना. अजून कुणाला, फुपी?"

"अरे गाढवा! आई सांगायची, होडीत पाय ठेवला की त्याला उलट्या व्हायच्या. तो कसला खलाशी? आंब्याची कलमं बांधायचा तो!"

शौकतनं कपाळावर हात मारला. कोकणातून दर्या ओलांडला तो खलाशीच, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की घरात विचारायचंच राहिलं. सगळी बंदरं पालथी घातली, आणि बागा राहिल्या! "यल्ला फुपी, चप्पल घाल!"

बंदरामागच्या डोंगरात पाटाच्या पाण्यावर आंब्याच्या बागा होत्या. शौकत फळांकडे बघेचना, नुसते बुंधे चाचपत सुटला. दोन बागांतली झाडं कोयीची, बुंधे सरळसोट. तिसऱ्या बागेत मात्र गुडघ्याएवढ्या उंचीवर गाठ लागली आणि हा पन्नाशीचा गडी नाचायलाच लागला. "फुपी, सांधा बघ! दोन रोपं जोडून बांधलीयत, भेट कलम आहे हे! आपल्याकडचं!"

आरडाओरडा ऐकून बागेचा मालक राशिद काठी टेकत आला. शौकतनं मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं, "हे कुणी लावलं?"

"मोहिद्दीन हिंदीनं. मी पोर होतो तेव्हा. सोहारहून गाढवावर कलमांच्या कुंड्या लादून आला होता. काम संपवून घरी निघायचा होता, बोटीची वाट बघत होता. बसऱ्याकडे चाललेला त्याच्या गावचा माणूस सांगून गेला, तुला मुलगी झाली; तिचं नावही सांगितलं. त्या दिवशी खुशीत त्यानं हे शेवटचं कलम लावलं. पुढच्याच महिन्यात तापानं गेला. घरी कळवणार कोण, तो गाववाला पुन्हा इकडे फिरकलाच नाही. त्या मुलीच्याच नावानं आम्ही हे झाड ओळखतो."

"काय नाव?"

"मैमुना."

इथवर शौकत फुपीला वाक्यावाक्याचा अर्थ सांगत होता; या शब्दाचं भाषांतर करावंच लागलं नाही. फुपी बुंध्याला मिठी मारून रडली, मग हसली, मग पदरानं नाक पुसून एकदम गरजली, "फोन कुठंय इथं? माझ्या जावेला लाव आधी! टाकलेली म्हणते मला? म्हणावं, जन्मले त्या दिवसापासून इथले लोक माझ्या नावाचे आंबे खातायत!"