कामकर सरांनी न बुडवलेली आदिलशाही

"बाई, आजचा तुमचा तास द्या की. आदिलशाही लई रंगात आलीया."

कामकर सर हे वाक्य माझ्या वर्गाच्या दारात उभे राहून म्हणत आणि मी हो म्हणायच्या आधीच आत येऊन फळाही पुसत. माझं अर्धं सोडवलेलं समीकरण, अहो, डोळ्यांदेखत पुसत! वडगावच्या आमच्या मराठी शाळेत ते इतिहास शिकवत, मी गणित. नववीतल्या मुलांचं गणित कच्चं राहिलं त्याला निम्मी आदिलशाही जबाबदार आहे, हे मी आजही कुणालाही तोंडावर सांगेन.

शिकवायचे मात्र असे की मीच मागच्या बाकावर बसून राही. बिदरला गुलाम म्हणून विकायला आणलेला युसूफ, पुढं त्यानंच विजापुरात थाटलेलं राज्य, गाण्यात बुडालेला इब्राहिम, मग गोलघुमट. आणि घुमटापाशी आलं की सर थांबत, डोळे मिचकावत आणि म्हणत, "तर पोरांनो, हे राज्य उभारलं कुणी? युसूफनं. त्यो बिदरला कसा आला?" झालं! गाडी पुन्हा पहिल्यापासून. शेवटचं पान कधी येतच नसे.

सहलीला विजापूरला गेलो तेव्हा मुलं भुकेनं रडकुंडीला आली होती आणि सर घुमटात कुजबुजून आवाज कसा फिरतो ते ऐकवत होते. शेवटचा राजा सिकंदर, त्याची कबरही इथंच आहे ना, असं मी विचारलं. "तिकडं बघण्यासारखं काय न्हाय," म्हणाले आणि सरळ बसमध्ये जाऊन बसले.

पूर्वपरीक्षेत नेमकी आदिलशाहीच्या ऱ्हासाची कारणं विचारली. अर्ध्या वर्गानं घुमटाचं वर्णन लिहिलं. शोभा नावाच्या मुलीनं तर एकच ओळ लिहिली होती, 'ऱ्हास झाला नाही.' मी कपाळावर हात मारला. वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली, मुलं नापास झाली असती!

तणतणत सरांच्या घरी गेले. सोप्यात त्यांचे थोरले भाऊ हातमागावर वाकले होते. विणून झालेली साडी उतरवून जुन्या ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, उरलेल्या टोकांना ते नव्या ताण्याचा एकेक धागा सांधत होते.

"सर, ही पोरं नापास झाली तर?"

"व्हत न्हाईत हो." त्यांनी मागाकडं बोट केलं. "आमच्यात माग मोकळा ठेवत न्हाईत, बाई. जुनं संपायच्या आत नवं सांधायचं. आज्जानं घातलेला ताणा अजून तुटला न्हाय बघा."

"हा माग नाही, वर्ग आहे!"

"व्हय, व्हय. चा घ्या."

असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

पुढच्याच आठवड्यात सर गेले. सकाळी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं. जातानाही शेवटचं पान माझ्याच गळ्यात मारून गेले. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तेवढं तुम्हीच उरका."

मग उरकलं. वेढा सांगितला, किल्ल्यातली उपासमार सांगितली. कोवळा सिकंदर औरंगजेबाच्या छावणीकडं निघाला तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं रडत उभी होती, हेही सांगितलं. सरांचा भयंकर राग आला होता मला. इतकी वर्षं त्यांनी न बुडवलेली आदिलशाही माझ्या हातून बुडाली होती.

पुढचा तास गणिताचा. मी खडू उचलला तशी शोभा उठली.

"बाई, आता परत युसूफ न्हाय?"

"नाही. वह्या काढा."

कुणीही वही काढली नाही. सगळे फळ्याकडं बघत बसले. मी पाठ फिरवून डोळे पुसले आणि खडू ठेवून दिला.

"युसूफ बिदरला कसा आला," मी म्हणाले, "कोण सांगतंय?"

वर्गभर हात वर झाले. मेल्यावरही माझा तास त्यांनीच खाल्ला.