तक्रार लिहून देणारी

गुरुग्रामच्या एका कंपनीत मी एचआरमध्ये आहे. तक्रारी ऐकणं हे माझं रोजचंच काम. म्हणूनच फरीदाबादमधल्या एका छोट्या महिला केंद्राने मला त्यांच्या तक्रार समितीवर बोलावलं. समितीत आम्ही तिघं होतो. मी, एक निवृत्त वकील आणि एक डॉक्टरीणबाई.

पहिलीच तक्रार आली ती केंद्रातल्या सर्वांत जुन्या कार्यकर्तीविरुद्ध. वस्तीत सगळे तिला दीदी म्हणत. तक्रार करणारी बाई बटणांच्या कारखान्यात कामाला होती. नवरा मारायचा म्हणून ती गुपचूप वेगळी खोली शोधत होती, आणि हे तिने फक्त दीदीला सांगितलं होतं. दीदीने ते त्या बाईच्या जावेच्या कानावर घातलं आणि जावेने ते नवऱ्यापर्यंत पोचवलं. त्याने बाईला चार दिवस कोंडून ठेवलं. कारखान्यातल्या मैत्रिणी घरी चौकशीला आल्या तेव्हा कुठे तिची सुटका झाली.

सुनावणीच्या दिवशी मी ते हिंदी पत्र पुन्हा वाचलं. दोन पानांत सगळं तारीखवार होतं, कुठे रडगाणं नाही की आरडाओरडा नाही. एका ठिकाणी ‘ग़लती से’ हे दोन शब्द खोडले होते. बाईला लिहिता येत नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी सहज विचारलं, “हे कुणी लिहून दिलं?”

“दीदीने.”

आधी मला वाटलं, ती दुसऱ्याच कुठल्या दीदीबद्दल बोलतेय. मग समोर बसलेल्या कार्यकर्तीने मान खाली घातली.

वकीलसाहेब जरा चढ्या आवाजात म्हणाले, “म्हणजे जिच्याविरुद्ध तक्रार, तिनेच लिहिली? मग तिने स्वतःला सांभाळूनच लिहिलं असणार.”

“तसं करणार होती,” बाई शांतपणे म्हणाली. “तिने लिहिलं होतं, दीदीने चुकून सांगितलं. मी वाचून दाखवायला लावलं. म्हटलं, चुकून की कसं ते मला काय ठाऊक? ते काढ. तिने काढलं.”

ऑफिसात मी सुशिक्षित माणसं बघितली आहेत, एका ईमेलमधला एक शब्द कबूल करायला महिनोन्महिने लावणारी. इथे एकीने, जिच्यामुळे आपला घात झाला, तिच्याच समोर बसून आपली तक्रार सांगितली होती. आणि दुसरीने ती स्वतःविरुद्ध उतरवून घेतली होती. दोघींपैकी कुणाकडे बघावं तेच कळेना.

“तुम्ही लिहून द्यायला नकार का दिला नाहीत?” डॉक्टरीणबाईंनी कार्यकर्तीला विचारलं.

“मॅडम, ती दुसऱ्या कुणाकडे गेली असती तर तिची गोष्ट आणखी एकाला कळली असती,” ती म्हणाली. “एकदा मी ती बाहेर नेलीच होती.” मग स्वतःच पुढे सांगितलं, “चुकून नाही सांगितलं. मला वाटलं, हिची जाऊ मदत करेल. आधी हिला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.”

आम्ही निर्णय लिहिला. सहा महिने तिच्याकडे कुणाचंही प्रकरण द्यायचं नाही, त्यानंतर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम. बाईचं प्रकरण दुसऱ्या कार्यकर्तीकडे. दीदीने तिथल्या तिथे सही केली. बाईला आम्ही विचारलं, माफी लेखी हवी का?

“नको,” ती म्हणाली. “लिहून झालंय सगळं. मला खोली मिळवून द्या.”

पुढच्या महिन्यात तिला खोली मिळाली, दिल्लीतल्या मुनिरका भागात, तिच्या मावशीच्या ओळखीने. कारखाना लांब पडतो म्हणून तिने तिथेच एका खानावळीत काम धरलं. दीदी ते सहा महिने केंद्रात बसून जुन्या फायली लावत होती. मी दोनदा गेले तेव्हा तिने उठून मला चहा दिला आणि पुन्हा कामाला लागली.