रंग न सोडणारं दार

मास्तरांचा जगात दोनच गोष्टींवर विश्वास होता, स्वतःचे डोळे आणि स्वतःचा हात. बाकी सगळ्यांवर संशय. हे मास्तर शाळेतले नव्हेत, कपडे बेतणारे. उभा जन्म शिंप्याच्या दुकानात कात्री चालवण्यात गेला. गिऱ्हाईक कापड घेऊन आलं, की आधी त्याचा कोपरा ओला करून पांढऱ्या चिंधीवर घासायचे. "रंग जात नाही हो, दुकानदारानं सांगितलंय," असं कुणी म्हटलं, की आणखी जोरात घासायचे. दुकान सुटलं तरी ही खोड सुटली नाही. दूधवाला पाणी घालतो, वायरमन जुनाच बल्ब परत लावतो, शेजारी मुद्दाम भर दुपारी शटर उघडतो, म्हणजे नेमकी यांची झोप मोडावी.

जीव होता तो लाल गाडीवर. घरात चालवता येणारे तेच एकटे. दर रविवारी अंगणात ऊन यायच्या आत गाडी धुवायची, कोरडी करायची, मग हातात पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून पत्र्यावरून तळवा फिरवायचा. नुसत्या हाताला न लागणारी कचकच पिशवीतून बरोबर लागते. मग वीतभर जागा घेऊन फडक्यानं पॉलिश, त्यावर मेणाचा पातळ हात, आणि मेण वाळून धुरकट झालं की स्वच्छ फडक्यानं ते पुसून काढायचं. गाडीचा रंग जुन्या पद्धतीचा, वर पारदर्शक थर नाही, त्यामुळे पॉलिश करताना फडक्यावर लाली उतरायची. कापडाचा रंग गेलेला न खपणारे मास्तर इथं मात्र खूश व्हायचे. "खरा माल आहे, लपवाछपवी नाही," म्हणायचे.

हल्ली तो धुरकटपणा काही पुरता जात नव्हता. पुसून पुसून दंड भरून आले तरी गाडीवर साय धरल्यासारखी दिसायची. मास्तरांनी दोनदा डबा बदलला आणि दुकानदाराला भेसळखोर ठरवून टाकलं.

मध्यंतरी तापानं ते आठवडाभर अंथरुणाला खिळले. उठल्यावर गाडी बाहेर काढायला लागले, पण घासायचं बळ यायला तीन रविवार गेले; चौथ्या रविवारी फडकं घेऊन अंगणात उतरले. बॉनेट झालं, पुढचं दार झालं, फडकं लाल. मग डावीकडचं मागचं दार घासायला घेतलं. फडकं पांढरं. जोर लावला, तरी पांढरं.

मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. हे दार नव्यानं रंगवलेलं होतं, वरून पारदर्शक थरही मारलेला होता. कुणी? आणि कशाला?

"माझ्या गाडीचं दार कुणी रंगवलं?" त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"कुठलं दार?" बायको म्हणाली. तिनं मान वर केली नाही. ओट्यावर काही सांडलेलं नसताना ती ओटा पुसत होती.

झालं. इथं पाणी मुरतंय, हे मास्तरांनी ओळखलं. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. ताप असताना मेव्हणा किल्ली मागायला आला होता. "बॅटरी उतरेल भावजी, जरा फिरवून आणतो." आपण खोलीत येताच बायको फोन ठेवून द्यायची. शिवाय जन्मभर मागे बसणारी ही बाई हल्ली पुढे बसायला लागली होती, वर अखंड बडबड. जरा उजवीकडे घ्या. सायकलवाला आहे हां. थांबा, थांबा. मास्तरांना वाटलं होतं, म्हातारपणी बायकोला आपल्यालाच ड्रायव्हिंग शिकवायची हौस आली. आता वेगळाच अर्थ लागला. बहीण-भावानं गाडी विकायचा घाट घातला होता. आधी चालवण्याला नावं ठेवायची, मग रंगरंगोटी करायची, मग गिऱ्हाईक आणायचं. गाडी गेली तर रविवारी काय करायचं?

दोन दिवस ते किल्ली उशाखाली घेऊन झोपले. बायकोला ताकास तूर लागू दिली नाही. तिसऱ्या दिवशी फाटक लावताना लक्ष गेलं, दोन खांबांपैकी एकालाच ताजा चुना. त्यांनी किल्लीच्या टोकानं खरवडलं. चुन्याखाली लाल रेघ होती, बरोबर दाराच्या उंचीवर.

संध्याकाळी मेव्हण्याला चहाला बोलावलं. मेव्हणा कपात बघत बसला.

"दार कुणी घासलं?"

"मीच, भावजी." मेव्हणा इतक्या चटकन बोलला, की मास्तरांनी डोळे बारीक केले. "तुम्ही आजारी होता तेव्हा. ऑफिसच्या पार्किंगमध्ये."

"पार्किंगमध्ये? मग माझ्या फाटकाच्या खांबावर लाल रंग कसा आला?"

मेव्हण्यानं बहिणीकडे पाहिलं. ती हात पुसत येऊन मास्तरांसमोर बसली.

"त्याला कशाला बोलता. तुम्ही घासलीत."

"मी?"

"ताप भरला त्याच दिवशी. बाजारातून आलो ना आपण. मी मागेच होते, त्याच दाराशी. खांबाला घासत गाडी आत आली, माझ्या कानाशी करकर वाजत. तुम्ही म्हणालात, शेजाऱ्याच्या शटरला तेल नाही. आणि खाली उतरून मला म्हणालात, बघ किती अलगद आणली."

मास्तरांना ते आठवलं. शटर आठवलं, अलगदही आठवलं. खांब आठवेना. खांब त्यांनी पाहिलाच नव्हता.

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तुम्ही गाडी काढलीच नसती परत. आणि रविवारी नुसते बसून राहिला असतात, ते मला बघवलं नसतं." ती कोरडे हात पुन्हा पुसायला लागली. "वाटलं, मी पुढे बसले की भागेल."

मास्तर उठून अंगणात गेले. उजव्या डोळ्यावर तळवा दाबला आणि डाव्यानं गाडीकडे पाहिलं. सगळ्या गाडीवर मेण, पुसायचं राहिलेलं. मग त्याच डोळ्यानं मागून आलेल्या बायकोकडे पाहिलं. तिच्या तोंडावरही तेच. मास्तरांना भीती वाटली आणि फार लाज वाटली. गेले कित्येक दिवस डावी बाजू ही बघत होती, आणि आपण तिच्यावर पाळत ठेवून होतो.

त्यांनी खिशातून किल्ली काढून मेव्हण्याच्या हातात दिली. "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे. तू चालव."

डॉक्टरनं काचबिंदू असल्याचं सांगून डोळ्यात घालायला थेंब दिले, गेलेली नजर परत येणार नाही असं सांगितलं आणि गाडी चालवायला मनाई केली. मास्तरांना त्याचाही संशय आला, पण त्यांनी वाद घातला नाही. परत येताना ते पुढे डावीकडे बसले आणि बायको बऱ्याच दिवसांनी मागे. फाटक आलं तसं मास्तरांनी अख्खी मान डावीकडे वळवली. खांब हातभर अंतरावर होता.

"जरा उजवीकडे घे," ते मेव्हण्याला म्हणाले.