समोर कोणी नसलेली फुगडी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धरणावर एक बोट आली. भोयांच्या होड्या आम्ही लहानपणापासून बघतो. ज्यांना इंजिन आहे त्यांचा पंखा मागं बाहेर असतो, त्याच्या जवळ कोणी पोहत नाही. या बोटीचा पंखा पोटाखाली होता, म्हणून तिच्या अगदी मागं माणूस राहू शकायचा. बोटीत एका अंगाला पाण्यानं भरलेली रबरी पोती ठेवायची. बोट तिकडं कलली की मागं एक लाट उठायची आणि बोट चालेल तोवर ती मोडायची नाही. त्या लाटेवर फळीवर उभं राहायचं. आधी दोरी धरायची. फळी लाटेवर आपसूक चालायला लागली की दोरी बोटीत टाकून द्यायची. मग दोरी ओढत नाही, नुसती लाट ढकलते.

मला हे सगळं नंतर कळलं. मी तिथं भाकरी करायला होते. माझी थोरली जाऊ झाडलोट करायची आणि ओली जाकिटं वाळत घालायची. आमचे हे राखणीला होते. सुट्टीच्या दिवशी नांदेडहून, परभणीहून गाड्या यायच्या. पुरुष फळीवर चढायचे, पडायचे, हसायचे. बाया काठावर चपला हातात घेऊन उभ्या राहायच्या आणि फोटो काढून परत जायच्या. बोटवाल्या साहेबांना ते बरं वाटत नव्हतं. गावातली एखादी बाई लाटेवर दिसली तर पाहुण्या बायांची भीती जाईल, असं त्यांनी काढलं. शिकवायला पुण्याकडची एक मुलगी होती. तिला आम्ही मॅडम म्हणायचो. तिनं विचारलं, "पोहता कुणाला येतं?"

जाऊ लगेच म्हणाली, "हिला येतंय की. माहेरी हिरीत भोपळा बांधून शिकलीया."

मी जाकिटांच्या ढिगामागं गेले. जावेनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. "लाजायलीस काय? तुला काय नवरा दाखवायलेत का?"

पंजाबी ड्रेस घालून, वर जाकीट बांधून मी पाण्यात उतरले. पहिल्याच दिवशी उभी राहिले. मॅडम बोटीतून टाळ्या वाजवायला लागली. "ताई, असं कोणी पहिल्या दिवशी उभं राहत नाही!" मी काही बोलले नाही. डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून मी किती वर्षं चढते आहे. पायाखालची फळी वाकली, हलली की माझे गुडघे आपणहून मऊ होतात. त्यात मी शिकण्यासारखं काही केलं नव्हतं.

त्यानंतर साहेब आमच्या ह्यांच्याशी बोलले. माझ्याशी नाही. घरी येताना ह्यांनी मला सांगितलं, "नुसतं हुबं ऱ्हाणं बास न्हाई म्हणले. फळीसकट पुरी गिरकी घ्यायची अन् लाटेवरून उडी मारायची. लोक ते बघायला येतेत. दिवाळीपतुर जमलं तर दोघालाबी बारा महिने ठिवतो म्हणले."

"अन् न्हाई जमलं तर?"

"तर काय. मुकादम हायच की."

आमच्याकडं दिवाळी झाली की ऊसतोडीला न्यायला मुकादमाचा ट्रक येतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या माणसाला कोणी घेत नाही, तो अर्धा कोयता. म्हणून बाई मागं राहू शकत नाही. मी चौथीत होते तेव्हा आई-बापाबरोबर पहिल्यांदा गेले, शाळा तिथंच राहिली. मग लग्न झालं आणि ह्यांच्याबरोबर जायला लागले. थंडीत पाचटाच्या झोपडीत, कोपीत निजायचं, अंधार असतानाच फडात जायचं, उसाच्या पानांनी मान आणि हात चिरलेले. मला दुसरं काही नको होतं. एक हिवाळा आपल्या घरात काढायचा होता. ते सगळं आता त्या गिरकीवर येऊन बसलं होतं.

उडी आधी जमली. लाटेच्या पायथ्याशी जायचं, जोर धरायचा, वर टोकाला आलं की मागचा पाय दाबून दोन्ही गुडघे छातीशी ओढायचे. फळी वीतभर पाण्यावरून सुटायची. खाली चर्रकन यायची. पहिल्यांदा सुटली तेव्हा जावेनं बोटीत एवढी आरोळी ठोकली की काठावरच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. बोट चालवणाऱ्याला पुढं बघावं लागतं, म्हणून मागं तोंड करून फळीवरच्या माणसावर नजर ठेवायला एक जण लागतो. ते काम जावेला दिलं होतं. ती पाय पसरून बसायची आणि मी पडले की हात वर करायची. त्या पावसाळ्यात तिचा हात फार वेळा वर झाला.

गिरकी येईना. वळायला लागले की मी पाठीवर पडायचे. दर वेळी तशीच. मॅडम बिचारी समजावून सांगायची. "ताई, आधी मान. मग खांदा. मग कंबर. पाय शेवटी येतात. वजन पुढच्या पायावर ठेवा. मागं का झुकता?" मला माहीत असतं तर झुकले नसते. नाकातोंडात पाणी जायचं. कानात दडे बसायचे. ह्यांनी विचारणं सोडून दिलं. मी घरात शिरले की ते माझ्या तोंडाकडं बघायचे आणि पुन्हा तंबाखू मळायला लागायचे.

मधे पंचमी आली. गावातल्या सगळ्या बाया मारुतीसमोरच्या पटांगणात जमल्या. मी आणि जाऊ दर पंचमीला फुगडी घालतो. लग्न होऊन आले तेव्हा मी कुणाशी बोलत नव्हते, तेव्हा तिनंच मला ओढून नेलं होतं. हातांची कैची करायची, एकमेकीची मनगटं धरायची, पाय जुळवायचे आणि अंग मागं टाकून द्यायचं. जेवढं मागं टाकाल तेवढा वेग. समोरची तुमचं वजन धरते, तुम्ही तिचं. आजूबाजूचं सगळं पुसून जातं, फक्त तिचं तोंड जागेवर राहतं. त्या दिवशी आम्ही इतकी घातली की दोघींच्या बांगड्या फुटल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरले. मी पडले, पुन्हा वर आले, दोरी धरली, उठले, दोरी टाकली, वळले, पडले. बोट वळून माझ्याजवळ आली तेव्हा ती काठावरून खाली वाकली.

"अगं, तू फुगडी घालायलीस."

"काय?"

"अंग मागं टाकायलीस. तुला वाटायलंय मी तुला धरलंय. मी हितं बसलेय बाई. तुझ्यासमोर कोण हाय?"

मॅडमला फुगडी नीट माहीत नव्हती. जावेनं तिला बोटीतच मनगटं धरून दाखवली. मॅडमचा चेहरा उजळला. म्हणाली, आता कळलं ना, आता सोपं आहे. पण ते सोपं नव्हतं. चूक कुठं आहे ते मला कळलं, माझ्या अंगाला कळलं नाही. लहानपणापासून मी एकटी कधी फिरलेच नव्हते. आमच्यात बाई एकटी गिरकी घेते ती अंगात आल्यावर.

घरी न्हाणीपुढं शहाबादी फरशी आहे. तिच्यावर साबणाचं पाणी टाकून मी पाट ठेवायचे आणि त्याच्यावर उभी राहून वळायचे. आधी मान, मग खांदा. शेजारची म्हातारी एकदा कुंपणावरून बघत राहिली आणि ह्यांना म्हणाली, "हिला देवऋष्याकडं ने रं बाबा." हे हसले. त्या पावसाळ्यात ते हसलेले मला तेवढंच आठवतं. पाटावरून मी दोनदा कोपरावर पडले. पाटावर कधी कधी जमायचं. पाण्यावर गेलं की अंग पुन्हा मागं जायचं.

दसऱ्यापर्यंत अर्धी गिरकी आली. म्हणजे बोटीकडं पाठ करून उभी राहायला यायला लागलं. तिथून पुढं मान वळवून बोट पुन्हा नजरेत घ्यायची, की बाकीची गिरकी आपोआप होते, असं मॅडम म्हणायची. पण पाठ झाली की मी अडकायचे.

साहेब दिवाळीच्या आधी आले. बरोबर मोबाईल धरायला एक माणूस होता. काठावर आमचे हे उभे होते, अंगात धुतलेला सदरा. मी उडी मारली. चांगली झाली. साहेबांनी बोटीतून अंगठा वर केला. मग मी गिरकीला निघाले. लाटेच्या पायथ्याशी आले, मान वळवली, खांदा वळवला. फळी सुळकन घसरली आणि बोटीकडं माझी पाठ झाली. समोर सगळं पाणी. लांब काठावर माझ्या चुलीचा धूर. त्या धुराकडं बघत मी पुष्कळ वेळ उभी होते असं मला वाटतं, जाऊ म्हणते अर्धा पळसुद्धा नाही. आता मान वळवायची, हे मला ठाऊक होतं. मी मनात म्हटलंसुद्धा. आणि माझे दोन्ही हात पुढं गेले. कैची करून, मनगटं धरायला. समोर धरायला कोणी नव्हतं. मी पाठीवर पडले.

पुन्हा दोरी दिली. पुन्हा हात पुढं गेले. तिसऱ्या वेळी साहेबांनी बोट काठाला घ्यायला सांगितली. रागावले नाहीत. "उडी छान आहे ताई. बघू पुढच्या वर्षी, पाणी भरल्यावर," म्हणाले. जावेनं माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला. तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. ह्यांनी सदरा काढून घडी घातली.

बोट झाकून ठेवली. मॅडम तिच्या गावाला गेली. जाताना तिनं मला मिठी मारली, मला हात कुठं ठेवावे ते कळलं नाही. भाऊबीज झाल्यावर मुकादमाचा ट्रक आला. आम्ही दोघं आणि जाऊ-दीर, असे दोन कोयते चढलो.

आता इथं कोपीत आहे. फडातले जेवायला बसले आहेत तोवर हे लिहिते.

परवा सकाळी गाडी भरत होते. मोळी डोक्यावर, फळीवरून वर. वर जाऊन मोळी आत टाकली आणि उतरायला वळले. पायाखाली वीतभर रुंदीची फळी, खाली दगड. माझी मान आधी वळली. मग खांदा. मग कंबर. पाय शेवटी. अंग मागं गेलं नाही. हात कुणाला शोधायला गेले नाहीत. मी तशीच थांबले. मग फळीवर पुन्हा वर गेले, पुन्हा वळले. तसंच झालं. मी हे लहानपणापासून करते आहे. रोज करते. फुगडी वर्षातून एकदा, आणि मला पाण्यावर तीच आठवली. मॅडम माझ्या उभं राहण्याचं कौतुक करत होती तेव्हा फळीचं सांगितलं असतं तर तिनंच म्हटलं असतं, ताई, तशाच वळा. मी लाजून गप्प बसले.

पुढच्या वर्षी बोट येईल का, साहेबांना आठवेल का, मला माहीत नाही. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "ते गेलं आता." मला ते खरं वाटतं. गिरकी कळल्याचं मी त्यांना सांगितलं नाही. इथं पाणी प्यायचं तेवढंच आहे, टँकरचं.

त्या दिवशी मी फळीवर वर-खाली का करते आहे ते जावेला खालून कळेना. तिच्या डोक्यावर मोळी होती, मान ताठ.

"उतर की गं," ती ओरडली. "माझी मान मोडायलीय. काय बघायलीस तिथून?"

मी उतरले आणि तिला वर जायला वाट दिली.