जोड तपासणारी माणसं

आमचे रिपोर्ट तयार व्हायला महिने लागतात, किस्से मात्र चहा गार व्हायच्या आत तयार! जयपूरच्या एका कॉलेजात आमची धातूंची लॅब आहे. दोन वेगळ्या वस्तू जोडल्या, की मधला जोड किती टिकतो ते आम्ही बघतो. आम्ही म्हणजे तिघं. लॅबप्रमुख देशपांडे मॅडम नागपूरच्या, टेक्निशियन रामअवतारजी इथलेच, आणि मी साताऱ्याचा. साहजिकच, काहीतरी सुटलं, तडकलं, जळलं की माणसं आमच्याकडे येतात.

*

शहरातल्या सी-स्कीम भागातल्या एका ऑफिसात एसीचं कनेक्शन सारखं जळायचं. तांब्याची तार ॲल्युमिनियमच्या तारेला नुसती पिळून जोडलेली. मॅडमनी मॅनेजरला अर्धा तास समजावलं, की तारा दोन्ही चांगल्या आहेत, पण अशा जोडावर ऑक्साइडचा थर धरतो, मग जोड तापतो आणि एक दिवस जळतो.

मॅनेजरला एकदम पटलं. त्यानं तिथूनच इलेक्ट्रिशियनला फोन लावला. "भैया, तारें दोनों बढ़िया हैं. बस, वो जोड़ निकाल दो!"

*

एकदा तांबं आणि पोलादाच्या जोडावर मायक्रोस्कोपमध्ये बारीक काळी रेघ दिसली. तडा! मॅडमनी चार दिवस फोटो काढले, लांबी मोजली, दोन पानं लिहिली.

पाचव्या दिवशी रामअवतारजींनी सॅम्पल उचललं आणि त्यावर हलकेच फुंकर मारली. तडा उडून गेला!

"बाल था, मॅडमजी."

मॅडमनी लिहिलेली दोन पानं मिटून ठेवली. मग म्हणाल्या, "पण किती बरोबर जोडावर येऊन बसला होता, बाप्पा!"

*

तन्वी आमच्याकडे पीएचडी करत होती. वडील कर्नल, मूळचे कोल्हापूरचे, इथल्या छावणीत पोस्टिंग. तिनं तांबं आणि नायोबियम या दोन धातूंचे शेकडो पातळ थर एकावर एक बसवून भट्टीत तापवले होते. थर एकमेकांत मिसळले नाहीत.

प्रेझेंटेशनला आई-वडील आले होते. तन्वीचं मराठी अडखळत चालतं, तरी शेवटी तिनं खास त्यांच्यासाठी मराठीत सांगितलं, "मतलब बाबा, दोन मेटलच्या मधली बॉर्डर. कितीपण गरम केलं तरी ती हलत नाही."

कर्नलसाहेबांनी हात वर केला. "पहारा कुणाचा असतो?"

हॉल हसला. ते हसले नव्हते.

"पहारा नाही बाबा. दोघांना पलीकडे जायचंच नाहीये."

कर्नलसाहेबांनी हात खाली घेतला. मग बायकोकडे वळून म्हणाले, "अशी पोस्टिंग मिळायला पाहिजे होती!"

*

एक म्हातारे मीनाकार चांदीचं पदक घेऊन आले. चांदीवरचा निळा मिना, म्हणजे भट्टीत वितळवून बसवलेला काचेचा रंग, कडेनं टवके होऊन निघत होता. आम्ही आठवडाभर तपासलं. मॅडमनी सविस्तर सांगितलं, की भट्टीतून काढल्यावर चांदी जास्त आकसते, मिना कमी. आणि गिऱ्हाइकानं दिलेल्या या चांदीला हा मिना चालणारच नाही.

म्हातारबुवांनी मान डोलावली. "वो तो मुझे मालूम था."

"मग आलात कशाला?" मी हिंदीत विचारलं.

"ग्राहक मेरी नहीं मानता. आप ठप्पा लगा दो!"

*

रामअवतारजींचा खुबा बदलायचा ठरला. एवढा शांत माणूस, पण दवाखान्यात भरती झाल्यापासून जेवेना. मॅडम आणि मी भेटायला गेलो, तेव्हा डॉक्टर समजावत होते, की टायटॅनियमचा दांडा बसवू, वरचा थर खडबडीत असतो, हाड वाढून त्याला धरतं.

"पकड़ा कि नहीं, कैसे पता चलेगा?" रामअवतारजींनी विचारलं.

"एक्स-रे निकालेंगे."

"एक्स-रे से जोड़ का भरोसा नहीं होता, साहब." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तीस वर्षं त्यांचं काम एकच होतं. जोड मधोमध कापायचा, पॉलिश करायचा आणि मायक्रोस्कोपखाली ठेवायचा. न कापता कुठल्याच जोडाला त्यांनी पास केलं नव्हतं.

डॉक्टर गेले. मॅडम स्टूल ओढून बसल्या. "रामअवतारजी, मेरा पैर होता, तो मैं यही लगवाती."

त्यांनी तोंड भिंतीकडून मॅडमकडे वळवलं. मग सहीसाठी पेन मागितलं.

तीन महिन्यांनी ते काठीशिवाय चालत लॅबमध्ये आले. मॅडम उठून उभ्याच राहिल्या.

"कैसा है जोड़?"

रामअवतारजी खुर्चीत बसले, उठले, पुन्हा सावकाश बसले.

"बाहर से तो बढ़िया है, मॅडमजी. बाकी रिपोर्ट काटने के बाद!"