जबड्यापासून सुरुवात करणारे मास्तर

आमच्या मास्तरांइतक्या लांबून सुरुवात करणारा माणूस अख्ख्या नागपुरात झाला नाही. मी म्युझियममध्ये चौकीदार, ते प्रताप नगरातले व्याकरणाचे रिटायर मास्तर. दर रविवारी सायकल टेकवायची आणि दगड झालेल्या हत्तीच्या जबड्यासमोर येऊन उभं राहायचं, देवासमोर राहावं तसं. तसा तो देव होताच. नदीकाठच्या एका गावानं तो शेंदूर फासून कित्येक वर्षं पुजला, मग कोण्या साहेबानं उचलून इथं काचेत ठेवला. दाढांच्या फटीत लाली अजून होती. एखाद्या बाईनं पाण्याचा नळ कुठे विचारलं तरी मास्तर तिथूनच धरायचे. हा हत्ती चालत होता तेव्हा माणूस नुसता एकेक शब्द ओरडायचा: हत्ती, पळ, पाणी. शब्दाला शब्द जोडून "हत्ती काल आला होता" म्हणायला त्याला हजारो वर्षं लागली. "जे समोर नाही ते सांगता आलं, तिथं माणूस झाला गा," म्हणायचे. बाई तोवर तहानलेलीच निघून जायची.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझी बायको गेली. आमच्याकडे भेटायला येणारा हरेक जण "कसं झालं?" विचारतो आणि घरच्यानं दरवेळी पहिल्यापासून सांगायचं असतं. माझ्या तोंडून "गेली" याच्यापुढे काही निघेना. बहीण म्हणाली, "रडत नाही, बोलत नाही, हाही जाईन तिच्यामागं."

मास्तर येऊन शेजारी बसले. तेवढ्यात लकडगंजचा साडू आला. "कसं झालं?"

मास्तरांनीच सुरू केलं, "वहिनी चाय मांडून राहिल्या होत्या."

"चाय नाही मास्तर. अंबाडी निवडून राहिली होती."

"मग तिनं तुले हाक मारली."

"काहून मारन हाक? रागावली होती ना. मी चप्पल घालून सैपाकखोलीत गेलो. म्हणे, बाहेर काढ ते. अन् भिंतीले टेकली. मले वाटलं, रुसली."

मग सगळंच आलं, रडण्यासकट. पुढचा माणूस आला, त्यालाही मीच सांगितलं. त्याच्या पुढच्यालाही. दरवेळी छाती हलकी होत गेली. संध्याकाळी भाकर मागून घेतली, तेव्हा बहीणच रडायला लागली.

मास्तर चुकले की मुद्दाम चुकले, मी कधी विचारलं नाही. ते आता पोरापाशी परगावी राहतात. रविवारी मी ओट्यावर बसून तिच्याबद्दल बोलतो, ऐकायला कोणी असो की नसो.