तिकडची हवा

जयपूरच्या उन्हाळ्याबद्दल आमच्या जावयाचं मत फार वाईट आहे. लेकीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा माझी बायको फोनवर म्हणाली, ‘बाळंतपणाला इकडे येशील तेव्हा सुती कपडे आण.’ पहिलं बाळंतपण माहेरी, हे तिच्या लेखी इतकं उघड होतं की तिनं विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी जावयाचा फोन. ‘बाबा, मे-जूनमध्ये जयपूर? बाळाला झेपणार नाही. इकडचा उन्हाळा किती सुंदर असतो. तुम्हीच या ना.’

मी बँकेतला. साताऱ्याकडून बदली होऊन जयपूरला आलो आणि दुर्गापुऱ्यात घर घेऊन राहिलोच. लेक याच उन्हात खेळली, याच लूच्या गरम झळांत सायकल दामटत शाळेत गेली आणि धडधाकट वाढली. पण हे मी जावयाला ऐकवलं नाही. जावयाला काही ऐकवायचं नाही अशी आमच्या घराण्याची रीत आहे, आणि तिचा फायदा आजवर फक्त जावयांना झालेला आहे.

लेकीचं गाव परदेशात, पार उत्तरेला. नकाशावर बोट वर वर नेत गेलं की जिथे गावांची नावं विरळ होतात आणि नुसती तळी आणि जंगल उरतं, तिथे. ‘माहेर तिच्याकडे जाऊ शकतं की,’ बायको म्हणाली आणि तयारीला लागली. जुन्या साड्यांचे लंगोट शिवले. बगरूच्या छापाच्या मऊ कापडाची दुपटी केली. बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात धुरीचं सामान भरलं: ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, ऊद. बाळंतशेपा इथे मनासारख्या मिळेनात म्हणून बहिणीकडून साताऱ्याहून मागवल्या. तिच्या आयुष्यात तिनं स्वतःसाठी असं काही मागितलेलं मला आठवत नाही. लेकीचं बाळंतपण आपल्या हातानं करायचं, एवढं एकच होतं.

निघायच्या आदल्या दिवशी आंधी आली. पश्चिमेकडून आभाळ तांबूस-पिवळं झालं आणि बायको गच्चीवर धावली. वाळत घातलेली दुपटी गोळा करेपर्यंत तिच्या केसांत, कानांत, दातांत वाळू. मग आमचा नेहमीचा शिरस्ता. दारं-खिडक्या लावायच्या, अर्धा तास गप्प बसायचं, वारा पडला की सगळं उघडायचं आणि झाडू हातात घ्यायचा. बायकोनं दुपटी पुन्हा धुतली. नातवाला आजोळची एवढी धूळ चालली असती, असं मी म्हणालो, तर ती माझ्यावरच उखडली.

तिकडे पोचलो आणि जावयाचं म्हणणं खरं निघालं. उन्हाळा सुंदरच होता. रात्री दहालाही ऊन, स्वच्छ गार हवा, घरामागे सरळसोट झाडं. नातू झाला. दवाखान्यातून घरी आल्यावर बायकोनं पदर खोचला. सकाळी तेल लावून मालिश, आंघोळ, आणि मग मागचं दार सताड उघडून दारातच धुरी. विजेच्या शेगडीवर नारळाच्या करवंटीचा तुकडा फुलवायची, पितळी धुपाटण्यात घेऊन वर चिमूट चिमूट सामान टाकायची. धूर नुसता लागल्यासारखा करायचा, डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही. मग ऊबदार हातानं पोट शेकायचं. पोरगं दुपट्यात गुंडाळलं की तीन-तीन तास डोळा उघडत नसे. लेकही तेवढा वेळ झोपायची. ‘आई, तुझ्या हातात ना जादू आहे, मतलब सच में,’ ती एकदा म्हणाली. बायको दिवसभर ते वाक्य घोळवत होती. माझ्याकडेही दोनदा आलं ते.

मग एका दुपारी ढग गडगडले. आता, आयुष्य जयपुरात काढलेल्या माणसाला ढगांच्या गडगडाटानं काय होतं ते सांगायला नको. मी चहाचा कप घेऊन पुढच्या ओसरीत गेलो आणि ‘आला, आला!’ म्हणून खरोखर टाळी वाजवली. शेजारचा म्हातारा अंगणात उभा होता. पाण्याचा लांब पाइप त्यानं छपरापर्यंत ओढून ठेवला होता. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी कप घेऊन मुकाट्यानं आत आलो. विजा कडाडल्या आणि पाऊस काही पडला नाही. त्या विजा सुक्या जंगलात पडून वणवे पेटवत होत्या. तिथे गडगडाट ऐकून माणसं आनंदानं बाहेर येत नाहीत, सामान बांधायला घेतात. हे मला जावयानं रात्री जेवताना समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं.

दोन-चार दिवसांत धूर आला. सकाळी उठलो तर समोरचं तळं नाहीसं झालेलं, आणि सूर्य असा की त्याच्याकडे खुशाल टक लावून बघावं. वास आमच्याकडे होळीच्या दुसऱ्या दिवशी येतो तसा, पण संपणारच नाही असा. बायकोनं सराईतपणे खिडक्या लावल्या. ‘बसा अर्धा तास. जाईल,’ म्हणाली. तो त्या दिवशी गेला नाही, त्या आठवड्यात गेला नाही. जावयानं खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या. कोपऱ्यात हवा शुद्ध करायचं यंत्र घुरघुरू लागलं. हवा चांगली असली की त्याचा दिवा निळा, वाईट झाली की लाल. जावई दर तासाला फोनमध्ये बघून हवेचा आकडा मोठ्यानं जाहीर करायचा. नर्स येऊन सांगून गेली, बाळाला धुरापासून जपा, त्याची फुप्फुसं अजून कोवळी आहेत.

‘धुरापासून जपा’ हे बायकोनं ऐकलं. पण तो धूर म्हणजे जंगलाचा. आपली धुरी म्हणजे औषध. तिच्या डोक्यात हे दोन पदार्थच वेगळे होते, जसं गटाराचं पाणी आणि तीर्थ. उलट बाहेर इतकी घाण हवा आहे म्हटल्यावर बाळाला धुरीची जास्तच गरज, असा तिचा हिशोब. मागचं दार बंद असल्यामुळे तिनं धुपाटणं खोलीत नेलं.

धूर झाला की बोंबलणारं एक यंत्र छताला होतं, ते असं किंचाळायला लागलं की माझ्या हातातलं वर्तमानपत्र पडलं. कोपऱ्यातला दिवा लालभडक. जावई टॉवेल घेऊन छताखाली उड्या मारतोय. लेक धावत आली आणि तिनं आईच्या मांडीवरून मूल अक्षरशः ओढून घेतलं.

‘आई, पागल झालीस का? इथे आम्ही धुरानं मरतोय आणि तू घरात धूर करतेस? माझ्या बच्च्याला मारायचंय तुला?’

धूर बाहेर घालवायला खिडकी उघडायची सोय नव्हती. बाहेर त्याहून जास्त धूर होता. त्यामुळे ओव्याचा, शेपांचा तो वास दिवसभर घरातच राहिला. बायको धुपाटण्यावर पाणी ओतून, ते घासून, पुसून, खोलीत बसून राहिली. तिच्या मांडीवर दुपटं तसंच पसरलेलं होतं.

लेकीचं चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. शास्त्र तिच्या बाजूनं होतं. पण शास्त्रानं तिला ते शेवटचं वाक्य शिकवलं नव्हतं. त्याचा राग मला तेव्हा आला आणि आजही आहे.

दुसऱ्या दिवसापासून बाळाची आंघोळ जावई घालू लागला, कुठलासा व्हिडिओ बघून. मग त्यानं आमची परतीची तिकिटं अलीकडची करून घेतली. ‘बाबांच्या दम्याला ही हवा चांगली नाही,’ म्हणाला. मला दमा नाही. कधीच नव्हता. मी हो म्हणालो. निघताना बायकोनं दुपटी तिथेच ठेवली आणि डबा परत आणला.

जयपूरला आल्यापासून आमची फोनवरची बोलणी हवेवर आली. तिकडे हवा कशी आहे? आज जरा बरी आहे. तुमच्याकडे? उकाडा आहे. मग बाळाला एकदा कॅमेऱ्यासमोर धरायचं आणि फोन ठेवायचा. हवामान खात्याची माणसंसुद्धा एकमेकांशी याहून मायेनं बोलत असतील.

खालच्या मजल्यावर आमचे भाडेकरू, आयटीतलं तरुण मराठी जोडपं. त्यांना त्याच सुमारास मुलगी झाली. बाळंतिणीची आई लातूरहून यायला उशीर होणार होता. ती बिचारी रडकुंडीला येऊन वर आली, ‘काकू, मला काहीच येत नाही हो.’ बायको आधी नको नको म्हणाली, मग गेली. महिनाभर रोज गेली. तिला सगळं शिकवलं. ओवा किती, वावडिंग किती, निखारा किती फुलवायचा, बाळ किती उंच धरायचं. मी जिन्यात उभा राहून ऐकायचो. एक शब्द अडखळत नव्हता.

परवा लेकीचा फोन आला. आग गावाजवळ पोचल्यामुळे सगळं गाव रिकामं केलं होतं. ही तिघं खूप दक्षिणेला, एका हॉटेलच्या खोलीत. तिथे धूर नाही, खिडकी उघडता येते. पण पोरगं चार दिवस नीट झोपलेलं नाही. मागे त्याचं रडणं ऐकू येत होतं. लेकीचा आवाज बसला होता.

‘आई, सुरुवातीला तो कसला छान झोपायचा ना तुझ्याजवळ? ते तू आंघोळीनंतर करायचीस... ते कसं करतात? मतलब, काय काय टाकायचं त्यात?’

बायकोनं गवारीची परात मांडीवरून खाली ठेवली. समोरच्या फडताळात तो डबा होता. ती त्याच्याकडे बघत होती.

‘विसरले गं मी,’ ती म्हणाली.

‘काहीच आठवत नाही?’

‘नाही गं. वय झालं आता.’

पोरगं रडतच होतं. मला तोंड उघडता आलं असतं. इतके दिवस जिन्यात उभा राहून मलाही ते सगळं पाठ झालं होतं. बायकोनं फोन माझ्या हातात दिला आणि पुन्हा गवार निवडायला घेतली.

मी घसा साफ केला आणि विचारलं, ‘तिकडे हवा कशी आहे?’